चाळणीतला कोंडा

भगिनींनो, डुकराच्या पिलांचे नाव ऐकून हसू नका. दूध तुटले की त्यांचेही पोट बिघडते. युरोपात पिले साधारण चार आठवड्यांची झाली की आईपासून तोडतात. काही पिले पहिले एक-दोन दिवस खातच नाहीत. आतड्याचे अस्तर झिजते, हगवण लागते, पिले दगावतात. त्यावर झिंक ऑक्साइड भरपूर चारीत; ते खतातून जमिनीत साठते, म्हणून २०२२ साली युरोपीय संघाने त्या औषधावर बंदी घातली.

आता लक्ष कोंड्याकडे वळले आहे. गव्हाच्या कोंड्याच्या चोथ्याने अन्न पुढे सरकते, रोगजंतूंना ठाण मांडायला फावत नाही. थोडा चोथा मोठ्या आतड्यात आंबतो, त्यातून अस्तराचे पोषण होते. मात्र चोथा फार झाला, तर पोट भरूनही पिलू वाळते. तेव्हा कोंडा द्यावा, पण बेताने!