ताटातून काढणं आणि ताटात वाढणं



मलमाची चिठ्ठी हातात पडली तरी आपला रुग्ण खुर्चीवरून उठत नाही. तो विचारतो, "डॉक्टर, पथ्य काय?" बाहेर रांग असते. आपण म्हणतो, "काहीही खा." नाहीतर म्हणतो, "वांगं, आंबट, शेंगदाणे, मासे बंद." आज मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या उत्तराबद्दल, कारण ते गरिबाला फार महागात पडतं.

ते कसं, हे एका जुन्या रोगावरून कळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राने थैमान घातलं होतं. उन्हात उघडी राहणारी कातडी भाजल्यासारखी काळवंडे, गळ्याभोवती पट्टा उमटे, मग जुलाब, भ्रम आणि मृत्यू. अनेक डॉक्टर त्यामागचा जंतू शोधत होते. जोसेफ गोल्डबर्गर यांनी मात्र मिसिसिपीतल्या अनाथालयांतल्या मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गीय धान्यं वाढवली, आणि रोग ओसरला. १९१५ साली तिथल्याच रँकिनच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना त्यांनी मुख्यत: मका, भात, साखर अशा निकृष्ट आहारावर ठेवलं, तेव्हा काही महिन्यांत ११ पैकी ६ जणांच्या त्वचेवर तो उमटला. या रोगामागे नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव आहे, याचा उलगडा कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या कामातून झाला तो १९३७ साली. औषध हाती येण्याच्या वीसेक वर्षं आधी मुलं बरी झाली होती, ती ताटात चार पदार्थ जास्त पडले म्हणून.

आपल्या दख्खनमध्ये हा रोग ज्वारी खाणाऱ्या गरिबांत दिसला. हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या जादा ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्या सिद्धांतावर पुढे बरेच वाद झाले. पण यात ज्वारीला दोषी धरून चालणार नाही. माझ्या मते खरा प्रश्न भाकरीसोबत काय आहे, हा आहे. शेंगदाण्यांत नायसिन भरपूर असतं, दूध-ताकात आणि डाळीत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असतं, आणि त्यातून शरीर स्वत: थोडं नायसिन बनवतं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर ताक घेणारा शेतमजूर शहाणपणाने जेवतो आहे. मुरुमांच्या नावाखाली त्याच्या मुलाचे शेंगदाणे आपण कुठल्या आधारावर बंद करतो?

कोडाच्या रुग्णांचं तर मला फार वाईट वाटतं. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं, असं सांगून घरच्यांनी त्यांना आधीच छळलेलं असतं. कोड हा प्रतिकारशक्तीने स्वत:च्याच रंगपेशींवर केलेला हल्ला आहे. तिथे मासे बंद करून काहीही साधत नाही.

काढण्याजोगं काहीच नाही, असं मी म्हणत नाही. ग्लूटेनमुळे उठणाऱ्या डर्मॅटायटिस हर्पेटिफॉर्मिसमध्ये गहू सोडावाच लागतो. मुरुमांबाबत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मेलबर्नच्या चाचणीत, रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केल्यावर १२ आठवड्यांत तरुण मुलांचे मुरूम कमी झाले. आणि काळी मान! मळ समजून आई ती घासून घासून सोलते, पुढे गोरेपणाचं क्रीम आणते. स्थूल मुलाच्या मानेवरचा तो मखमली काळेपणा बहुतेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो. तिथे शीतपेयं, बिस्किटं आणि बेकरीचे पदार्थ काढायला ठामपणे सांगा, आणि रक्तातली साखरही तपासा.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. केसपेपरवर "काल दिवसभरात काय खाल्लं?" हा प्रश्न छापलेला असावा. एखादा पदार्थ बंद करणाऱ्या डॉक्टरने त्याचं कारण लिहावं, आणि त्याच्या जागी रुग्णाच्या ऐपतीत बसणारा दुसरा पदार्थ त्याच ओळीत लिहावा. ठरावाचा मसुदा व्यासपीठाजवळच्या टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या आज संध्याकाळपर्यंत लिहून द्याव्यात. आहारतज्ज्ञ भगिनी-बंधूंनी त्या सर्वांत आधी द्याव्यात, अशी माझी विनंती आहे.