सवलतीच्या कागदावर सही कोणाची?



सरकारने कारखानदारांना पैसा द्यावा की नाही, यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. एक पक्ष म्हणतो, सवलत दिली नाही तर कारखाना शेजारच्या राज्यात जाईल. दुसरा म्हणतो, ही जनतेच्या पैशाची लूट आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा सिद्धांत मांडण्याच्या भरीस न पडता मी एक हिशोबच आपल्यापुढे ठेवतो.

जर्मनीत बोखुम नावाचे शहर आहे. कोळसा आणि पोलाद हे त्याचे जुने धंदे. खाणी बंद पडल्यावर नवे उद्योग यावेत म्हणून सरकारने हात सैल सोडला, आणि नोकिया या फिनलंडच्या कंपनीला राज्य व केंद्र मिळून सुमारे ८ कोटी ८० लाख युरो दिले. पुढे १५ जानेवारी २००८ रोजी कंपनीने जाहीर केले की, बोखुमचा कारखाना बंद होणार आणि काम रुमानियात जाणार. २,३०० माणसांची रोजी गेली. कंपनी डबघाईला आली होती म्हणावे, तर २००७ चा तिचा निव्वळ नफा ७०० कोटी युरोंच्या वर होता!

आठवड्याच्या आत पंधरा हजारांचा मोर्चा निघाला. राज्याचे मुख्यमंत्री रुटगर्स यांनी कंपनीला अनुदान खाणारा टोळ म्हटले. काही पुढाऱ्यांनी नोकियाचा फोन आपण वापरणार नाही असे जाहीर केले. (हा टोळ आपण होऊन शेतात उतरला नव्हता, निमंत्रण देऊन आणला होता, पण त्या दिवसांत ते कोण बोलणार?)

खरी मेख कागदात होती. नोकऱ्या टिकवण्याची अट २००६ पर्यंतचीच होती. मुदत संपली, कंपनी मोकळी झाली. मग सरकारने जुनी दप्तरे उकरली आणि कबूल केलेल्या संख्येइतकी माणसे मुळात कामावर नव्हतीच, असे म्हणून ४ कोटींहून अधिक युरो व्याजासह परत मागितले. शेवटी तडजोड झाली ती २ कोटींवर, आणि तीही त्या भागातील नव्या उद्योगांसाठी. याच सुमारास कामगारांच्या प्रतिनिधींनी किती मिळवले? २० कोटी युरो! कामगार सरकारपेक्षा हुशार होते असे मी म्हणत नाही. तिथल्या कायद्याने कारखाना बंद करताना त्यांच्याशी बोलणी करून भरपाईचा करार करणे मालकाला भाग होते, म्हणून हे घडले.

आता रुमानियाकडे वळू. क्लुजच्या जिल्हा परिषदेने जुकू गावी उद्योगवसाहत उभारली, तिथे नवा कारखाना सुरू झाला. रुमानियनांनी आमच्या तोंडचा घास पळवला, असे म्हणणारे बोखुमात होते. सप्टेंबर २०११ मध्ये तो कारखानाही बंद होणार असे जाहीर झाले आणि काम आशियाकडे वळले. साडेतीन वर्षांत दोन हजारांवर रुमानियन कामगार त्याच फाटकाबाहेर उभे राहिले. घास कोणी कोणाचा पळवला, सांगा!

आपल्या देशात तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे याच कंपनीचा कारखाना २००६ साली सुरू झाला व १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला. तिथली कारणे निराळी होती. सरकारशी करांचा तंटा चालू होता आणि फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकताना त्या तंट्यामुळे हा कारखाना बाहेर राहिला. पण हजारो तरुण मुलामुलींच्या वाट्याला जे आले, ते बोखुमसारखेच.

तरीही सवलती बंदच करा, असे मी म्हणणार नाही. त्या आठ वर्षांत खेड्यापाड्यांतील कित्येक मुलींच्या हाती पहिला पगार पडला. त्याची किंमत मला कळते. महाराष्ट्रातही १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालत आली आहे, आणि तिच्यामुळे मागास भागात उद्योग गेले हे नाकारण्यात अर्थ नाही. माझे भांडण कागदाशी आहे. त्यावर सरकारची सही असते, मालकाची असते. ज्याच्या नोकरीचे नाव सांगून पैसा दिला जातो, त्याची का नसावी? सवलत दहा वर्षांची, तर नोकरीची हमीही निदान तेवढ्या वर्षांची हवी. आधी निघून गेल्यास किती रक्कम व्याजासह परत करायची, हा आकडा पहिल्याच दिवशी लिहिलेला हवा. आणि नोकऱ्या मोजताना कंत्राटी माणसे कायम म्हणून दाखवता कामा नयेत. हजेरीपट तपासण्याचा हक्क संघटनेला पाहिजे. अशाने मालक बिचकतील, असे कोणी म्हणेल. जो दहा वर्षे राहणारच आहे, त्याने बिचकण्याचे कारण मला तरी दिसत नाही.