मातीतली मुदत ठेव

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आयुष्य बँकेत गेलं, तेव्हा हिशोब पाळीन.

गेटजवळच्या वाफ्यात मे महिन्यात लाल चेंडूसारखं फूल येतं, ते आपण सगळे पाहतो. फुटबॉल लिली. मूळची आफ्रिकेतली. तो गोळा म्हणजे एक फूल नव्हे. एकाच दांड्यावर दाटीने उमललेली कितीतरी लहान फुलं असतात. थोड्या दिवसांचा थाट. मग पानं पावसाळाभर हिरवीगार राहतात आणि हिवाळ्यात सगळं वाळून जातं. वाफा रिकामा दिसतो.

इथेच मी चुकलो. खजिनदार असताना एका जानेवारीत साफसफाई काढली आणि तो 'रिकामा' वाफा खणून घेतला. कंद कचऱ्याच्या गाडीत गेले. ते आमच्या सौ.नी लावलेले होते. ती काही बोलली नाही. मे महिन्यात मात्र रोज सकाळी गॅलरीतून त्या जागेकडे बघत उभी राहायची. ते मला जास्त लागलं.

मुलांनो, घरी कांदा उभा चिरून बघा. पाकळ्या म्हणजे पानांचे जाड झालेले बुंधे. तळाची चकती म्हणजे खोड. मधोमध कोंब. लिलीचा कंदही तसाच. पानं उन्हात अन्न तयार करतात, ते खाली साठतं, त्यावर पुढचं फूल येतं. म्हणजे मुदत ठेवच की! म्हणून फूल गेल्यावर हिरवी पानं कापायची नाहीत. तेव्हाच तर भरणा चालू असतो.

दोन वर्षांनी भिंतीच्या कडेला एक पान वर आलं. एखादं पिल्लू मातीत राहून गेलं असणार. सौ.नी मला हाताला धरून खाली नेऊन दाखवलं. त्याला फूल यायला आणखी दोन वर्षं लागली. आज ती नाही. वाफ्यात अकरा कंद आहेत.

त्या जागी पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक घालायचं ठरतंय. अडचण मलाही कळते, माझा विरोध नाही. विनंती एवढीच, की आधी कंद काढून घेऊ. सध्या ते झोपलेले आहेत, हलवायला हीच वेळ चांगली. अकरा घरांनी एकेक कुंडी सांभाळावी. कंद विषारी असतो, तेव्हा लहानांनी तोंडात घालू नये आणि हात धुवावेत. जागा बदलली म्हणून एखादं वर्ष फूल रुसेलही.

कुंडी रिकामी दिसेल. पण माझ्यासारखं करू नका. वाट बघा.