म्हैसूर: राजवाड्यापासून खाणीपर्यंत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही समजलो, कामगार कायद्यावर बोलायचे असेल. पण त्यांनी सांगितले, ‘प्रवासावर बोला, उन्हाळ्याचे दिवस आहेत, लोकांना बरे वाटेल.’ आता आमचा प्रवास म्हणजे काय? लेबर कोर्टाच्या तारखा आणि गिरण्यांच्या फाटकांवरच्या सभा. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातल्या पुस्तकांवर, आणि तेही रात्री. अशा माणसाने राजेरजवाड्यांच्या शहरावर बोलावे यात थोडी गंमत आहे. परंतु २०१९ साली दसरा उलटल्यावर आमच्या पतपेढीच्या सभासदांची सहल म्हैसूरला गेली होती. बत्तीस माणसे होती. त्यांत मोल्डर, वायरमन, फिटर, दोन नर्सबाई आणि सोलापूरच्या बंद पडलेल्या गिरणीतला एक जुना जॉबर. राजवाडा पाहायला इतिहासाचा प्राध्यापक जातो तसा वायरमनही जातो. पण दोघांची नजर वेगळ्या जागी जाते. ते आज सांगायचे आहे.

म्हैसूरचा राजवाडा सुंदर आहे, हे आधी सांगून टाकतो. कामगार पुढाऱ्याने राजवाडा पाहून नाक मुरडलेच पाहिजे, असे आम्ही मानत नाही. जुना राजवाडा लाकडी होता. १८९७ साली राजकन्येच्या लग्नाच्या वेळी त्याला आग लागली आणि तो गेला. मग हेन्री अर्विन नावाच्या इंग्रज वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यावरून आजचा वाडा उभा राहिला. १९१२ साली काम पुरे झाले. खर्च एकेचाळीस लाखांवर. करडा ग्रॅनाइट, गुलाबी संगमरवराचे घुमट, आत मोरांची चित्रे असलेले रंगीत काचेचे छत. आमचा मार्गदर्शक दर दालनात तेच वाक्य म्हणे, ‘महाराजांनी हे बांधले.’ कल्याणमंडपात आलो. तिथले खांब बिडाचे आहेत, ग्लासगोहून ओतून आणलेले. मार्गदर्शक पुढे निघून गेला, पण आमचा मोल्डर तिथेच उभा. खांबाजवळ नाक नेऊन तो जोडाची रेघ शोधत होता. पाच मिनिटांनी येऊन म्हणतो, ‘साहेब, असा साचा बसवणारा माणूस आज आपल्या शेडमध्ये एक निघायचा नाही.’ आम्हांला वाटते, त्या खांबाला इतक्या दिवसांत मिळालेली ही सर्वांत मोलाची दाद असावी. ग्लासगोतल्या त्या ओतकाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नाही, आणि दरवाजांवर नक्षी कोरणाऱ्या सुतारांचेही नाही. अर्विनसाहेबाचे मात्र प्रत्येक पुस्तकात आहे.

रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लागतात. जवळजवळ एक लाख. अंधारात माणसे मैदानात बसलेली असतात, आणि एका क्षणात सारा वाडा सोन्याच्या रेघांनी काढल्यासारखा उभा राहतो. हजारो माणसांच्या तोंडून एकच ‘अहा’ निघतो. आमच्याही निघाला. आमचा वायरमन मात्र आधी म्हणाला, ‘यातले गेलेले बदलतो कोण?’ पहारेकऱ्याला विचारले. तो म्हणाला, वाड्याची वीजखात्याची माणसे आहेत, दसऱ्यापूर्वी वर चढून एकेक तपासतात. वायरमनने समाधानाने मान हलवली आणि मग तो दिवे पाहू लागला.

पण आमचा प्रश्न दुसरा होता. या संस्थानात वीज आली कोठून, आणि ती पहिल्यांदा गेली कोणाकडे? तिचे उत्तर राजवाड्यात मिळत नाही. कावेरी नदीवर शिवनसमुद्र नावाचा धबधबा आहे. शेषाद्री अय्यर दिवाण असताना तिथे वीजघर काढण्याची योजना झाली. १९०२ च्या जून महिन्यात तिथली वीज सुरू झाली. अय्यर त्याआधीच, १९०१ मध्ये वारले होते. ती वीज राजाच्या वाड्यात गेली नाही, कुणा रयतेच्या झोपडीत तर नाहीच. ती सुमारे दीडशे किलोमीटर तारांवरून थेट कोलारच्या सोन्याच्या खाणींत गेली. इतक्या लांब वीज वाहून नेणाऱ्या तारा त्या काळी जगात फारच थोड्या होत्या. बंगळूरचे रस्ते उजळले ते त्यानंतर, १९०५ साली. म्हणजे क्रम कसा? आधी सोने, मग रस्ता.

खाणी होत्या जॉन टेलर आणि मंडळी या इंग्रज कंपनीच्या ताब्यात. संस्थानाला स्वामित्वशुल्क मिळे आणि तिजोरी भरे. खाली उतरणारा मजूर बहुतेक तमिळ मुलखातला, उत्तर अर्काटकडचा, आणि बहुतांशी अस्पृश्य समाजातला. खाणी पुढे तीन किलोमीटरहून खोल गेल्या. तेवढ्या खोलीवर खडक तापलेला असतो; दाबाखाली तो मधेच फुटतो, त्याला रॉकबर्स्ट म्हणतात, आणि त्यात माणसे दगावतात. दगडाच्या धुळीने फुप्फुस निकामी होते. सिलिकोसिस नावाचा हा विकार आपल्या देशात पहिल्यांदा नोंदला गेला तो याच खाणींतल्या कामगारांत. १९३० साली या मजुरांवर बोटांचे ठसे देण्याची सक्ती आली, जणू ते कैदी. मजुरांनी संप केला. त्यांच्यापाशी ना मोठी संघटना, ना संपनिधी. वाचलेले सांगतो, पण वाचताना आमच्या अंगावर काटा आला, कारण पोटापेक्षा अब्रूसाठी झालेले संप आम्ही आमच्या आयुष्यात फार थोडे पाहिले. खाणी १९५६ साली सरकारने घेतल्या, आणि २००१ च्या फेब्रुवारीत त्या बंद झाल्या. आज तिथे सायनाइड मिसळलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीत येते. तिकडे सहलीची बस जात नाही.

आता कुणी म्हणेल, हा गृहस्थ राजांवर सारखा उखडलेला आहे. तसे नाही. चौथे कृष्णराज वडियार हे राजे खरेच लोकहिताचे होते. १९१६ साली विद्यापीठ काढले. १९१८ साली त्यांनी न्यायमूर्ती मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या जातींना जागा राखण्याचा मार्ग मोकळा केला. आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच पन्नास टक्के जागा राखल्या होत्या. दोघांनाही लोक राजर्षी म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

पण या गोष्टीत एक गाठ आहे, ती आम्हांला अजून पुरती सोडवता आलेली नाही. त्या वेळी दिवाण होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. हे आपल्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, १८८३ साली पदवीधर झाले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली. खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले ते त्यांनीच. म्हैसूरला जाऊन त्यांनी कावेरीवर कृष्णराजसागर धरण उभारायला घेतले. १९११ ला सुरुवात, पुरे होईपर्यंत वीस वर्षे. सिमेंट नाही, विटांची भुकटी आणि चुना, म्हणजे सुरखी, यांत दगड बसवलेला. दोन हजार सहाशे मीटरांची भिंत! त्या पाण्यावर मंड्याचा दुष्काळी मुलूख उसाचा झाला. असा हा मोठा माणूस. परंतु जातवार जागा राखण्याचे धोरण त्यांना पटले नाही. गुणवत्ता खालावेल, असे त्यांचे मत. १९१८ साली त्यांनी दिवाणगिरी सोडली. आम्ही धरणाच्या भिंतीवर उभे राहून विचार करीत होतो. पाणी सर्वांच्या शेतात जावे म्हणून ज्याने वीस वर्षांचे काम मांडले, त्याला कचेरीची दारे सर्वांना उघडी करणे का जड जावे? आमच्यातल्या एका नर्सबाई म्हणाल्या, ‘पाणी उतारावरून आपोआप जाते हो, खुर्ची जात नाही.’ याहून चांगले उत्तर आम्हांला पुस्तकांत सापडले नाही. खालच्या वृंदावन बागेतली कारंजी आम्ही पाहिली. मुलांना आवडतात.

रेशमाचा कारखाना आवर्जून पाहा. १९१२ चा, त्याच राजांनी काढलेला. पहिले दहा माग स्वित्झर्लंडहून आणले होते. आज तो सरकारी मंडळाचा आहे. आमचा जॉबर मागांच्या आवाजात शिरला आणि इतका वेळ बाहेर आला नाही की मोटार खोळंबली. डोळे भरून आले होते त्याचे. त्याची गिरणी बंद होऊन वर्षे लोटली. मात्र साडीचा धागा कारखान्यात जन्मत नाही. तो रामनगर, शिडलघट्टा अशा गावी कोषांतून निघतो. कोष कढत पाण्यात टाकायचे आणि त्यात बोटे घालून धाग्याचे टोक शोधायचे. दिवसभर. त्या बोटांची कातडी कशी राहत असेल, हे ज्यांनी धुणेभांडी केली आहेत त्या भगिनींना सांगावे लागणार नाही.

जगन्मोहन वाड्यात चित्रशाळा आहे. तिथे हातात दिवा घेतलेल्या बाईचे एक चित्र आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. पण ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे आहे, आणि जलरंगातले आहे. समोर उभी केली होती ती त्यांची स्वतःची मुलगी. ज्योत हाताने झाकलेली, बोटांतून लाल उजेड फाकलेला. एक लाख दिव्यांनी केले नाही ते या एका दिव्याने आम्हांला केले: आम्ही सगळे गप्प झालो.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला ते सांगतो. म्हैसूर हे स्वच्छ शहर. केंद्र सरकारच्या पाहणीत २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे ते देशात पहिले आले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चौघे चहाच्या शोधात निघालो, तर राजवाड्याच्या रस्त्यावर झाडूवाल्या बायांची रांग लागलेली. त्यांना तिकडे पौरकार्मिक म्हणतात. जॉबर सोलापूरचा, त्याला कन्नड घरच्यासारखे येते. त्याने ‘अक्का’ म्हणून हाक मारली आणि गप्पा सुरू झाल्या. दसऱ्याच्या मिरवणुकीच्या रात्री काय काम असते, ते त्या बाईने सांगितले. पूर्वी सोन्याच्या अंबारीत राजा बसे, आता चामुंडेश्वरीची मूर्ती असते. हत्ती पुढे जातो, लाखो माणसे मागे जातात, आणि त्यांच्या मागे झाडू. सकाळी उजाडायच्या आत रस्ता धुतल्यासारखा पाहिजे.

आम्ही विचारले, ‘नोकरी कायम आहे का?’ ती म्हणाली, ‘ठेकेदार गेला, अण्णा. पगार आता सरळ बँकेत येतो. पण कायम नाही. गाडीवर चालवणारे आणि भरणारे अजून ठेकेदाराकडेच आहेत. आम्हांला अंगणात घेतले, घरात घेतले नाही.’ राजवाडा आतून पाहिला का, असे विचारल्यावर हसली. म्हणाली, दिवे बाहेरून फुकट दिसतात, तिकीट कशाला? मग तिनेच उलटतपासणी सुरू केली. आमच्या जॉबरला गिरणीचे पैसे मिळाले का? किती वर्षांनी? तुमच्या गावी झाडणारे कायम आहेत का? यावर आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले. जॉबरने खरे ते सांगितले, की आमच्याकडेही निम्मे ठेक्यावर. ती म्हणाली, ‘मग तुम्ही इथे काय पाहायला आलात?’ आणि झाडू उचलून पुढे गेली.

२०२२ च्या जुलैत कर्नाटकातल्या पौरकार्मिकांनी राज्यभर संप केला. शहरांत कचऱ्याचे ढीग लागले. चार दिवसांत सरकारने कायम करण्याचे मान्य केले, तेही टप्प्याटप्प्याने. आमच्या युनियनने पाठिंब्याचे पत्र कन्नडमध्ये लिहून पाठवले. मजकूर जॉबरने सांगितला. आपल्या गावच्या नगरपालिकेपुढे हाच अर्ज आम्ही ठेवला आहे. सहीची प्रत आज मंडपाच्या दाराशी टेबलावर आहे. चालकांची परवानगी घेतली आहे, काळजी नसावी.

वेळ होत आली. एक सांगायचे राहिले. म्हैसूरला १९३७ साली संस्थानाने लाखेचा आणि रंगाचा एक कारखाना काढला. तो आजही सरकारी आहे. मतदानाच्या वेळी आपल्या बोटाला लावतात ती न पुसणारी शाई तिथेच होते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती देशभर जाते. कोलारच्या मजुरांनी ज्या संस्थानात बोटांचे ठसे द्यायला नकार दिला, त्याच मुलखातून आलेली ही शाई आपण सारे हौसेने बोटावर घेतो. येत्या निवडणुकीत ती लावून घेतल्यावर नगरपालिकेच्या उमेदवाराला तेवढे एक विचारा, झाडणाऱ्यांचे काय केले. तो काय सांगतो ते आम्हांला ऐकायचे आहे.