वैशाखातली वाट आणि फळांची शिदोरी



'फलाहार' हा शब्द आपल्याकडे फार बिघडला आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर रताळ्याचा कीस अशी पंगत मांडून आपण तिला फलाहार म्हणतो. आज आम्ही ज्या फलाहाराविषयी बोलणार आहोत त्यात चूल नाही, कढई नाही आणि तूपही नाही. पाठीवर पिशवी घेऊन दोन-तीन दिवस डोंगरात हिंडायचे आणि त्या मुदतीत विस्तवाला न शिवता केवळ फळे, सुकी फळे आणि कच्चे दाणे यांवर राहायचे, एवढाच आमचा विषय.

हा नाद आम्हां चौघा मित्रांना लागला तो आरोग्याच्या पुस्तकांमुळे नव्हे, चुलीमुळे लागला. गडावर मुक्काम म्हटला की तीन दगड मांडायचे, आसपासच्या जाळीतले लाकूड तोडायचे आणि पिठले-भात शिजवायचा, ही आपली जुनी रीत. तीत गंमत आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण दर आठवड्यास शेकडो माणसे गडावर येऊ लागली म्हणजे त्या गमतीची किंमत करवंदीच्या जाळ्या आणि देवळांच्या भिंती भरतात. शिवाय वैशाखात डोंगरावरचे गवत इतके वाळलेले असते की एक ठिणगी सबंध उतार काळा करते. असा उतार आम्ही पाहिला, आणि त्या रात्री चूल पेटविण्यास आमच्यातला कोणीही उठला नाही.

मग शिदोरीचा हिशेब आला. आमच्यातले एक गणिताचे शिक्षक. त्यांनी वही काढली. ओझे घेऊन दिवसभर चढउतार करणाऱ्या माणसास सुमारे 3000 कॅलरी हव्यात असे धरले. केळ्याच्या 100 ग्रॅम गरात साधारण 90 कॅलरी. म्हणजे नुसत्या केळ्यांवर राहायचे तर रोज 33 केळी, सालीसकट जवळजवळ 5 किलो! दोन दिवसांचे 10 किलो. हे ऐकून आम्ही हसलो, पण मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, केळ्यात तीन-चतुर्थांश पाणी असते, तेव्हा त्या 5 किलोंत अडीच लिटर पाणीही आपण नेतो आहो. उन्हाळ्यात टाकी आटलेल्या गडावर ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

तरी ओझे ते ओझेच. उलट खजुरात 100 ग्रॅमला 280च्या आसपास, शेंगदाण्यात 560च्या वर, आणि सुक्या खोबऱ्यात 650हूनही अधिक कॅलरी असतात. म्हणून ठरले असे : पोटाचा मुख्य भार खजूर, भिजवलेले दाणे व खोबरे यांवर, आणि तोंडाला ओलावा म्हणून केळी, मोसंबी, कैरी. वसईकडे राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी करतात. प्रवासासाठी त्याहून सोईचा पदार्थ आम्हांला आढळला नाही. (भुईमुगाची शेंग हे फळ की नाही, यावर आमच्यात एक सबंध संध्याकाळ वाद झाला. वनस्पतिशास्त्राने आमची बाजू घेतली.) ताजी केळी न्यायचीच तर वेलची जातीची आणि अर्धकच्ची न्यावीत, पिशवीच्या उबेत एक पिकले की शेजाऱ्यास पिकविते आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणाचे शिकरण होते. दाणा कडू किंवा बुरशी धरलेला लागला तर तो थुंकून टाकावा, काटकसर करू नये.

रानमेव्याच्या भरवशावर मात्र कोणी निघू नये. वैशाखात करवंदे, त्यामागून जांभळे, थंडीत बोरे आणि आवळे, ही चैन आहे, जेवण नव्हे. शिवाय पायथ्याची जाळी आपण ओरबाडली की द्रोण भरून विकणाऱ्या बाईचा दिवस बुडतो. आम्ही करवंदे विकत घेऊनच खातो. आणि ओळख नसलेले फळ तोंडात घालू नये. काजऱ्याचे नारिंगी फळ दिसायला इतके गोजिरवाणे की लहान मुलाने हात घालावाच; त्याच्या बीत कुचल्याचे जालीम विष असते.

या प्रयोगाला मोठी परंपरा आहे. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी आणि कॅलनबाख शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबे आणि ऑलिव्हचे तेल यांवर राहत, आणि तेथून जोहान्सबर्गपर्यंतचे 21 मैल पायी जात. पुढे 1914 साली लंडनमध्ये गांधीजी आजारी पडले, तेव्हा डॉक्टर जीवराज मेहता यांनी दूध आणि धान्य घ्या म्हणून आग्रह धरला आणि आपल्या पुण्याच्या गोखल्यांनीही तोच धरला. गांधीजींनी एक दिवस विचाराला मागून घेतला आणि नकार दिला. गोखल्यांना तो रुचला नाही. आम्ही नम्रपणे गोखल्यांच्या बाजूचे आहो, आणि त्याला कारण आहे.

ते कारण तोरणा आणि राजगड यांच्यामध्ये पडलेले आहे. मे महिना होता. वेल्ह्याहून तोरणा चढून मेंगाईच्या देवळापाशी मुक्काम केला. पहिला दिवस उत्तम गेला. पोट हलके, भांडी घासणे नाही, पहाटे उठून चालू लागायचे. दुसऱ्या दिवशी बुधला माचीवरून उतरून राजगडाच्या धारेला लागलो. सावली नाही. दहाच्या सुमारास आमच्यातल्या सर्वांत धडधाकट गड्याचे डोके दुखू लागले, मग मळमळ, मग पोटऱ्यांत गोळे. आम्ही म्हटले, ऊन लागले, पाणी पाजा. पाजले. तो आणखी मलूल झाला. आणखी पाजले. खिंडीजवळच्या एका घराच्या ओट्यावर आम्ही त्याला अक्षरशः धरून नेले. त्याला धड बोलताही येत नव्हते.

घरातल्या आजीबाईंनी विचारले, "काय खाल्लंय ह्यानं?" आम्ही अभिमानाने यादी सांगितली. त्या म्हणाल्या, "आरं, आन् मीठ?"

मीठ नव्हते. आमच्या दोन दिवसांच्या शिदोरीत मिठाचा कण नव्हता, आणि चार सुशिक्षित माणसांच्या ते ध्यानात आले नव्हते. एका लिटर घामातून दोन-तीन ग्रॅम मीठ सहज जाते. फळांत पोटॅशियम पुष्कळ, पण सोडियम नावापुरते. त्यावर आम्ही नुसते पाणी ओतत होतो. म्हणजे अंगात उरलेले मीठही पातळ करीत होतो. औषध म्हणून आम्ही देत होतो तेच त्याला बाधत होते.

आजीबाईंनी मीठ घातलेले ताक दिले, थोडे थोडे. दीड तासाने तो उठून बसला. मग त्यांनी नाचणीची भाकरी पुढे ठेवली. व्रताचा प्रश्न आला. आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत होतो, तोवर त्याने भाकरी मोडली होती. पाठोपाठ मास्तरांनी मोडली. आजीबाई म्हणाल्या, "निसती फळं खाऊन डोंगर चढाया तुमी काय वानरं हाय का?" अळू दरवाजाने राजगडावर जाण्याचा बेत सोडून आम्ही रस्त्याने माघारी वेल्ह्याला आलो.

प्रयोग आम्ही सोडला नाही. दोन-तीन दिवसांच्या वाटेला ही शिदोरी चांगली, असे आमचे मत आजही आहे. घरी येऊन बारा महिने तीच खाण्याचा उपदेश आम्ही कोणास करणार नाही. फळांत ब-12 जीवनसत्त्व नाही, प्रथिने तुटपुंजी, आणि चिकट खजुराने दातांचे काय होते ते दंतवैद्यांस विचारावे. मधुमेह असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून हा खेळ करूच नये. आणि साली गडावर टाकू नयेत. "ते काय, कुजून जाईल" म्हणतात. कुजण्याआधी माकडे येतात, आणि मग ती माणसांच्या पिशव्या ओढू लागतात.

आजीबाईंनी ताकाचे पैसे घेतले नाहीत. नातवंडांसाठी उरलेला खजूर मात्र ठेवून घेतला, आणि आम्ही निघताना कागदात बांधलेली मिठाची पुडी मास्तरांच्या हातात दिली. वहीत शिदोरीच्या यादीवर ती आता पहिली लिहिली जाते, आणि कैरी दुसरी.