जाड टायरची सायकल आणि कुक्षीच्या वाटा

कुक्षी हे गाव महाराष्ट्राच्या नकाशावर नाही. पण मराठी माणसाला ते अगदीच परके म्हणता येणार नाही. धारच्या पवारांच्या राज्यातील तो एक परगणा होता, आणि धार, देवास, इंदूर या गावांतून आजही मराठी घरे नांदत आहेत. विंध्याद्रीचा कडा निमाडात उतरतो आणि पुढे जमीन नर्मदेकडे झुकत जाते, त्या उतरणीवर हे गाव वसले आहे. कापूस, मिरची, गहू यांचा बाजार, भोवती भिल्ल-भिलालांच्या वस्त्या, आणि होळीच्या आधी भरणारे भगोरियाचे हाट, ही कुक्षीची ओळख. या मुलखात सायकल कशी असावी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो प्रथम विनोदच वाटेल. सायकल ती सायकल! परंतु प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

येथील जमीन थोड्या थोड्या अंतरावर बदलत जाते. दक्षिणेस नर्मदेच्या बाजूला कपाशीची काळी माती. उत्तरेस बाघेकडे निघाले की काळा खडक, त्याखालून डोकावणारा चुनखडक आणि निमाडच्या नावानेच भूशास्त्रात ओळखला जाणारा वालुकाश्म. याच परिसरातील प्राचीन थरांतून डायनोसॉरांची अंडी दगड होऊन सापडली. ओढ्यांच्या पात्रांतून वाळू साचते, शेतांच्या कडेला बोरी-बाभळींचे काटे पसरतात. शिवाय भिल्लांची वस्ती आपल्या देशावरच्या गावांसारखी एका गावठाणात दाटलेली नसते. एकेक घर आपल्या शेतात, आपल्या टेकाडावर. अशा काही घरांचा मिळून एक फळिया, आणि फळियांचे मिळून गाव. २००० सालच्या डिसेंबरात पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली, आणि आदिवासी भागांत अडीचशे लोकवस्तीच्या ठिकाणांपर्यंत पक्की सडक नेण्याचे तिने ठरविले. सडका झाल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण सडक येते ती गावापर्यंत. तेथून फळियापर्यंतचा मैल-दीड मैल अजून गाडीवाटेचा आणि पायवाटेचाच असतो. नर्मदेकाठी तर सरदार सरोवराचे पाणी चढले. २०१९ साली निसरपूरची जुनी वस्ती बुडाली आणि तिच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या मळलेल्या वाटाही बुडाल्या.

या वाटांवर आजवर जी सायकल चालत आली ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. काळा रंग, सळ्यांचे ब्रेक, अठ्ठावीस इंची चाक आणि त्यावर दीड इंच रुंदीचा टायर. ही जात मूळची इंग्लंडची. तेथील रस्त्यांसाठी ती घडली आणि पुढे आपल्याकडे आसनसोल, लुधियाना, सोनपत, मद्रासजवळचे अंबत्तूर आणि मुंबईची वरळी येथील कारखान्यांतून लाखांनी निघाली. दुधाच्या किटल्या, धान्याची पोती, कॅरिअरवर बायको आणि दांडीवर मूल, असे ओझे तिने निमूटपणे वाहिले. तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र तिचा अरुंद टायर घट्ट हवेवर चालतो, आणि घट्ट हवेचा अरुंद टायर मऊ जमिनीत सुरीसारखा शिरतो.

ही गोष्ट समजण्यास मोठ्या शास्त्राची गरज नाही. जुन्या बैलगाडीला लोखंडी धाव असे. ती अरुंद धाव पावसाळी वाटेत चाकोऱ्या पाडी आणि त्याच चाकोऱ्यांत आस टेकेपर्यंत रुते. पुढे रबरी टायरची डनलॉप गाडी आली, तेव्हा तेच बैल जास्त ओझे ओढू लागले, कारण भार अधिक जागेवर पसरला. सायकलीचेही तसेच आहे. स्वार आणि सायकल मिळून पंच्याऐंशी किलो वजन धरले आणि त्यातले पन्नास किलो मागच्या चाकावर आहे असे मानले, तर पन्नास पौंड हवेचा टायर जमिनीला सव्वादोन चौरस इंचांवर टेकतो. तोच टायर रुंद असेल आणि त्यात पंधराच पौंड हवा असेल, तर तो साडेसात चौरस इंचांवर टेकतो. वाळूत पाय रोवून उभे राहणे आणि फळीवर उभे राहणे यांत जो फरक, तोच हा.

जाड टायरची कल्पना नवी नाही. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ साली सव्वादोन इंचांच्या आतबाहेर रुंदीचे फुगीर टायर बाजारात आणले; ते मुलांच्या सायकलींसाठी होते. चाळीस वर्षांनी कॅलिफोर्नियातील मरिन परगण्याच्या तरुणांनी त्याच भंगारातल्या सायकली टेकड्यांवर चढवून उतारावरून सोडून देण्याचा खेळ मांडला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. उताराचे नाव पडले ‘रीपॅक’. कारण एका उतरणीत मागच्या हबातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. यांच्यापैकी जो ब्रीझ याने १९७७ साली अशा वाटांसाठीच क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा सांगाडा स्वतः बांधला. पर्वतसायकलीचा वंश तेथून मोजतात. पुढे सायकलीला स्प्रिंगा आल्या, तेलाच्या नळ्या आल्या, आणि तिची किंमत मोटारसायकलीच्या पंक्तीला जाऊन बसली. या साऱ्या गुंतागुंतीला कंटाळून काहींनी उलट दिशा धरली. स्प्रिंग काढून टाका, चिमटा पोलादी आणि ताठ ठेवा, आणि धक्का झेलण्याचे काम टायरातल्या हवेवरच सोपवा, असे त्यांचे म्हणणे. २०१२ साली अमेरिकेच्या सर्ली कंपनीने तीन इंची टायरची अशी सायकल विकण्यास काढली, आणि दोन-तीन वर्षांत साडेसत्तावीस इंची चाकावर पावणेतीन-तीन इंचांचा टायर रूढ झाला. याच मापाला ‘प्लस’ म्हणतात.

आता एक गंमत पाहण्यासारखी आहे. या साडेसत्तावीस इंची चाकाची रिम बसकीच्या जागी ५८४ मिलिमीटर व्यासाची असते. त्यावर जाड टायर चढला की बाहेरचा व्यास सुमारे ७२० मिलिमीटर भरतो. आपल्या काळ्या सायकलीची रिम ६३५ मिलिमीटरची, आणि दीड इंची टायर धरून तिचा बाहेरचा व्यास भरतो सुमारे ७१५. म्हणजे परदेशी आधुनिक चाक आणि कुक्षीच्या दूधवाल्याचे चाक उंचीला जवळजवळ एकच! मधली रिम लहान झाली आणि तिची जागा हवेने घेतली, एवढाच काय तो फरक.

अशी सायकल बांधावयाची तर प्रथम सांगाडा. पोलादच का घ्यावे? ॲल्युमिनियम हलके, कार्बन त्याहून हलका, हे खरे आहे. पण पोलाद पूर्वसूचना देते. त्याला तडा जातो तो हळूहळू. रंगावर केसासारखी रेघ उमटते, दांडी कुरकुरते, आणि शहाणा स्वार खाली उतरतो. ४१३० या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पोलादात शेकडा एकाच्या आसपास क्रोमियम आणि त्याहून पुष्कळ कमी मॉलिब्डेनम असते. त्याची ताठरता साध्या पोलादाइतकीच असते, बळ मात्र जास्त. त्यामुळे नळी पातळ करता येते. टोकांना, जेथे जोड येतो तेथे, पाऊण-एक मिलिमीटर जाडी ठेवतात आणि मधला भाग अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उतरवितात. अशी नळी थोडी लवते, आणि दिवसभराच्या खडबडीत स्वाराच्या कंबरेला ते लवणे कळते.

बांधणाऱ्याचा खरा कस लागतो मागच्या बाजूस. तीन इंची टायर, त्याच्या दोन्ही अंगांना चिखलासाठी मोकळी जागा, पलीकडे दातेरी चक्र, आणि त्याच्याही पलीकडे स्वाराची टाच. हे सारे वीतभर रुंदीत बसवायचे असते. म्हणून मागच्या नळ्या चेपाव्या आणि वाकवाव्या लागतात, आणि हबही रुंद घ्यावा लागतो. आजकाल १४८ मिलिमीटरचा हब घेतात. त्यामुळे आरे अधिक पसरतात आणि चाकाला बळ येते. पुढचा चिमटा स्प्रिंगेच्या चिमट्याइतकाच उंच ठेवतात, नाहीतर हँडल खाली येते आणि उतारावर स्वार तोंडघशी पडतो. चाक बांधणे हे मात्र जगात सगळीकडे सारखेच काम आहे. बत्तीस आरे, निप्पलची किल्ली, आणि फिरत्या रिमेवर रोखलेली नजर. कोणत्याही तालुक्याच्या गावी चाकाचा आऊट काढणाऱ्या कारागिराला हे चाक दिले तर तो ते सरळ करून देईल. टायरची जाडी पाहून हसेल, इतकेच.

दात्यांचा हिशेबही सांगण्याजोगा आहे. काळ्या सायकलीला साधारणतः पुढे चव्वेचाळीस आणि मागे अठरा दाते असतात. पॅडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटर जाते. सपाटीवर हे उत्तम, पण घाटात गुडघे बोलू लागतात. नव्या सायकलीला पुढे तीस आणि मागे सर्वांत मोठे चक्र सेहेचाळीस दात्यांचे घेतले, तर एका फेऱ्यात ती दीड मीटरही जात नाही. वेग मुंगीचा, परंतु स्वार सायकलीवरच राहतो.

कुक्षीहून बाघ हे अंतर वीस किलोमीटरच्या आतले. पहाटे निघालेल्या स्वाराला डांबरी सडकेवर ही सायकल निराश करते, हे प्रथमच सांगितलेले बरे. टायर गुणगुणतो, मऊ रबर जमिनीला चिकटते, आणि शेजारून शाळेला निघालेले पोर साध्या सायकलीवरून सहज पुढे जाते. सडक सोडून गाडीवाटेला लागले की मात्र चित्र पालटते. अरुंद टायर प्रत्येक धोंड्यावर चढतो आणि उतरतो. त्या प्रत्येक चढउतारात स्वाराचे सारे वजन उचलले जाते आणि ती मेहनत फुकट जाते. जाड टायर धोंडा पोटात घेतो आणि पुढे जातो. ओढ्याच्या कोरड्या वाळूत साधा स्वार उतरून सायकल ढकलतो. हा बसूनच पार होतो, फक्त हँडल घट्ट न धरता सैल धरावे लागते. काट्यांवर उपाय म्हणून ट्यूबच काढून टाकतात आणि टायरात रबराच्या चिकासारखे द्रव घालतात. काटा शिरला की ते भोकात येऊन घट्ट होते. बाभळीच्या मुलखात याहून मोठे सुख नाही.

हवा किती ठेवावी, हा सारा खेळ आहे. पाच पौंड जास्त झाली तर टायर चेंडूसारखा उसळतो, कारण हवेला स्प्रिंगेचा गुण आहे पण उसळी दाबून टाकणाऱ्या तेलाचा नाही. पाच पौंड कमी झाली तर वळणावर टायर मुरडतो आणि दगडावर रिम आपटते. बाघेहून परतताना उतारावर वेग वाढला की ताठ चिमट्याची मर्यादा मनगटांना कळते. तेथे ब्रेक लावावा आणि सावकाश यावे. ज्याला घाई आहे त्याने ही सायकल घेऊच नये.

आणि पावसाळा? तेथे या सायकलीचा पराभव होतो. वाळू निराळी आणि काळी माती निराळी. ओली काळी माती रुंद टायरला रुतू देत नाही हे खरे, पण ती त्याला सोडतही नाही. दहा-वीस फेऱ्यांत टायर दुप्पट जाड होतो, माती चिमट्यात आणि मागच्या नळ्यांत ठासून बसते, आणि चाक फिरणे थांबते. मग काळ्या सायकलीचा मालक मडगार्डातली माती काडीने उकरतो आणि नव्या सायकलीचा मालकही तेच करतो. शेवटी दोघेही सायकल खांद्यावर घेतात. आषाढात निमाडच्या शेतकऱ्याइतके शहाणपण कोणत्याही टायरात नाही. तो पायीच जातो.

हा सारा खटाटोप शहरातल्या हौशी माणसाचा, असे कोणी म्हणेल. आज तो तसा आहेही. पण मध्य प्रदेश शासनाने गेल्या दोन दशकांत दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना विनामूल्य सायकली दिल्या. नववीतल्या मुलीची शाळा सुटू नये हा त्यामागचा हेतू. ती मुलगी फळियातून सडकेपर्यंत सायकल हाताने ढकलीत आणते आणि सडकेवर आल्यावर चढते. संध्याकाळी अंधार पडत असताना हाच क्रम उलटा होतो. तिच्या वाटेचा कठीण भाग कोणता, हे सायकलीचे माप ठरविणाऱ्याने पाहिलेले नसते. तीन इंची टायर आणि सेहेचाळीस दात्यांचे चक्र तिला परवडणार नाही. तिला त्याची गरजही नाही. परंतु दीड इंचाऐवजी सव्वादोन इंचांचा टायर, तो मोकळेपणी फिरेल इतका रुंद चिमटा, आणि चढाला थोडे मोठे मागचे चक्र, एवढ्याने तिचा तो मैल-दीड मैल बसून होण्यासारखा आहे. श्विनच्या कारखान्याने १९३३ साली मुलांना दिले त्याहून हे काही जास्त नाही.

अडचण आहे ती दुसरीकडे. पोलादी सांगाडा मोडला तर तो कुक्षीत जोडता येईल. आर्क वेल्डिंगची कांडी लावू नये, तिने पातळ नळीला भोकच पडेल. पण गॅसच्या ज्योतीने पितळी झाळ देणारा कारागीर असला तर जोड वर्षानुवर्षे टिकतो. आरे मिळतील, चेन मिळेल, छरे मिळतील. टायर मात्र मिळणार नाही. तालुक्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेले टायर असतात ते दीड इंची. जाड टायर हवा तर इंदुरास माणूस धाडावा लागेल, किंवा तो टपालाने मागवून वाट पाहावी लागेल. दुकानदार तो आणून ठेवीत नाही, कारण मागणारे नाहीत. आणि मागणारे नाहीत, कारण तसा टायर घेईल असा चिमटाच कोणाच्या सायकलीला नाही. प्रथम चिमटा रुंद व्हावयास हवा. तो रुंद करण्यास लागणारे जास्तीचे पोलाद फार तर मूठभर भरेल.