राजगृह आणि आपले घरकुल

(गोंदिया जिल्ह्यातील एका बुद्धविहारात वर्षावासाच्या काळात दिलेले व्याख्यान)



रोवणी आटोपली आहे, बांध्यांत पाणी भरले आहे आणि हातांस थोडी उसंत मिळाली आहे. वर्षावासाच्या या दिवसांत आपण विहारात जमतो तेव्हा धम्माच्या गोष्टींबरोबर संसाराच्या गोष्टीही निघतात, आणि त्या निघाव्यात हेच योग्य होय. मागील खेपेस एका भगिनीने मला एक प्रश्न विचारला. तिची सासू अंथरुणास खिळलेली आहे, मुलगा नागपुरास शिकत आहे, मागील हंगामाचे धान अवकाळी पावसात भिजले. आणि अशातच रमाई आवास योजनेच्या यादीत तिच्या कुटुंबाचे नाव लागले. "घर आता बांधावे, की दिवस निवळल्यावर बांधावे?" असे तिने विचारले.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. मातीच्या भिंती आणि गळके कवेलू यांखाली राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचा तो प्रश्न आहे. म्हणून आज मी आपणा सर्वांपुढे त्याचा विचार करणार आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, हे आपण सारे जाणता. पण ते केव्हा बांधले, याकडे आपले लक्ष गेले आहे काय? १९३० च्या मार्चमध्ये नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली गोलमेज परिषद भरली. १९३१ मध्ये दुसरी परिषद झाली. १९३२ च्या २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि त्यानंतर दोनच महिन्यांत तिसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब पुन्हा विलायतेत होते. त्यांच्या आयुष्यातील अतिशय ओढाताणीची अशी ही वर्षे. आणि नेमक्या याच वर्षांत राजगृहाचे बांधकाम चालले. १९३३ मध्ये ते पूर्ण झाले. दिवस निवळण्याची वाट पाहिली असती, तर ते घर कधी उभे राहिले असते? बाबासाहेबांचे दिवस अखेरपर्यंत निवळले नाहीत.

तथापि एवढ्यावरून 'कर्ज काढा आणि घर बांधा' असा बोध कोणी घेऊ नये. त्या घराची गरज काय होती, ते पाहा. परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत संसार होता, आल्यागेल्यांची रीघ होती आणि ग्रंथांचे ढीग होते. ग्रंथांना जागा पाहिजे होती, अभ्यासाला निवांतपणा पाहिजे होता. शेजाऱ्यापेक्षा आपली भिंत उंच असावी म्हणून ते घर बांधलेले नाही. दुसरी गोष्ट अशी की, राजगृहाबरोबरच बाबासाहेबांनी 'चार मिनार' नावाची आणखी एक इमारत बांधली होती. कर्जफेडीसाठी आणि ग्रंथखरेदीसाठी १९४१ मध्ये त्यांनी ती विकून टाकली. विटा आणि चुना यांच्या मोहात ते गुंतले नाहीत.

आणि तिसरी गोष्ट मन जड करणारी आहे. माता रमाईंनी चार लेकरांचे मरण पाहिले, शेणगोवऱ्या थापून संसार ओढला. राजगृहात राहावयास आल्यानंतर त्यांना फार दिवस लाभले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्याच घरात त्यांचे निर्वाण झाले. आज शासनाच्या घरकुलावर ज्या माउलीचे नाव आहे, तिला स्वतःच्या घराचे सुख जेमतेम दीड-दोन वर्षे मिळाले. घर लांबणीवर टाकताना हा हिशोबही मनात असू द्या. अंथरुणास खिळलेल्या सासूला कोरड्या छताखाली निजावयाचे असेल, तर 'पुढे पाहू' याला अर्थ राहत नाही.

आता 'राजगृह' या नावाकडे वळू. मगधाच्या प्राचीन राजधानीचे हे नाव बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या सुमारे दोन तपे आधी आपल्या घराला दिले. त्याच प्राचीन राजगृहात तथागतांना सिगाल नावाचा एक गृहस्थपुत्र भेटला. भल्या पहाटे ओलेत्याने तो सहा दिशांना हात जोडीत होता. तथागतांनी त्याला सांगितले की, आईबाप ही पूर्व दिशा, गुरुजन ही दक्षिण, पत्नी व मुले ही पश्चिम, मित्र ही उत्तर, कामकरी ही खालची आणि श्रमण ही वरची दिशा. यांच्याशी कर्तव्याने वागणे हीच दिशांची पूजा. ज्या कुटुंबाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याने घराचे दार कोणीकडे असावे हे वास्तुपंडितास विचारावे काय? दार जिकडून वारा व उजेड येईल आणि पावसाचा मारा येणार नाही, तिकडे ठेवा. मुहूर्ताचे पैसे एका खिडकीवर खर्च करा.

त्याच उपदेशात कमाईची वाटणीही सांगितली आहे. चार भाग करावेत. एक भाग उपभोगावा, दोन भाग उद्योगात घालावेत, चौथा अडीअडचणीसाठी राखावा. घर बांधताना आपले लोक चुकतात ते येथेच. घरकुल २६९ चौरस फुटांचे मंजूर होते आणि जोते पाचशेचे घातले जाते. मग फायनान्सवाल्यांचा आठवड्याचा हप्ता मागे लागतो, तो भरण्यासाठी बियाण्याचा पैसा जातो, आणि नव्या घरात राहणारी माणसे मजुरीसाठी परगावी जातात. घराला कुलूप लावावे लागले, तर ते घर बांधून काय मिळविले?

म्हणून त्या भगिनीला मी जे सांगितले, तेच आपणांस सांगतो. घर बांधावे, आणि याच वर्षी बांधावे. परंतु धानाचे चुकारे हाती आल्यावर पौष-माघात पाया खणावा. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम माणसे ओढून नेतो, त्याआधी भिंती उभ्या कराव्यात, आणि मृगापूर्वी छत पडलेच पाहिजे. अनुदान टप्प्याटप्प्याने मिळते. म्हणून जुने घर एकदम पाडू नये, निदान एक खोली शाबूत ठेवावी, नाहीतर म्हातारी माणसे ताडपत्रीखाली पावसाळा काढतात. गिलावा आणि फरशी पुढील वर्षी झाली तरी काही बिघडत नाही. मुलाच्या शिक्षणाच्या पैशाला आणि सासूच्या औषधाच्या पैशाला हात लावू नये. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये पतीबरोबर पत्नीचेही नाव लागले पाहिजे, आणि ते आधीच मागून घ्यावे.

शेवटी एक विनंती. घर लहान असले तरी एका भिंतीत पुस्तकांसाठी फळी बसवा. दहा पुस्तके मावली तरी पुरे. ज्या घरात मूल दिव्याखाली बसून वाचते, ते आपले राजगृह. नव्या घरात पाऊल टाकताना बुद्धवंदना घ्या आणि शेजाऱ्यांना खीर द्या. मंडप आणि बँड यांचा खर्च मात्र टाळा.

दिवस निवळल्यावर घर बांधू, असे म्हणत आपल्या कित्येक पिढ्या गळक्या छपराखाली गेल्या. आपली पिढी तशी जाऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

जयभीम.